एकशे आठ बाय अडुसष्ट

मुलांचा रक्तदाब मोजताना मोजणाऱ्यानं गप्प बसायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला नोकरीच्या नवव्या वर्षी कळली, तीही ओरडा खाऊन.

मी शाळा तपासणी पथकात औषधनिर्माता आहे. पथक म्हणजे एक डॉक्टर मॅडम, एक नर्सबाई, एक ड्रायव्हर आणि मी. गाडीत वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता आणि गोळ्यांचे खोके भरायचे आणि मालवणच्या आसपासच्या वाड्यावाड्यांतल्या शाळा फिरायच्या. मॅडम छाती, दात, कान बघतात. मी गोळ्या वाटतो आणि बाकी वेळ बोलतो. मुलं आम्हा सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. मग सोडून दिलं. ऐकायला बरं वाटायचं.

मोठ्या मुलांचा रक्तदाबही मोजा, असा हुकूम आला आणि सोबत डिजिटल यंत्र आलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आपोआप दिसतो. मॅडमकडे वेळ नव्हता, नर्सबाई वजनाला बसायच्या, म्हणून यंत्र माझ्याकडे आलं. कानाला नळ्या लावून मोजायचं जुनं यंत्र दिलं असतं तर ऐकण्यासाठी तरी मला तोंड मिटावं लागलं असतं. या नव्यानं माझे कान मोकळे ठेवले आणि तोंडही.

पहिल्याच शाळेत पोरं घाबरली. पट्टा फुगायला लागला की दंड आवळला जातो, यंत्र घुं घुं करतं. पाचवीतल्या एकानं बाहेर जाऊन बातमी पसरवली, "आत हात मुरगळतत!" रांग निम्मी झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हीच काहीतरी करा बुवा." मला एवढं निमंत्रण पुरतं.

आमच्याकडे कुठलंही शुभकाम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. मी यंत्रालाच देव केलं. पहिल्या मुलाला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, हात जोडले आणि गळा काढला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुझ्यासमोर बसला आसा म्हाराजा!"

दारातली पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"तेच्या दंडाक पट्टो बांधललो आसा, तेका भियाक लावू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरात आवशीन अभ्यासावरना तेका झोडपल्यान असात, तर तेच्या रगताक थंड कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खुर्चीतलं पोरही ओरडलं. सगळ्यांत मोठ्यानं तेच.

"काय चुकला माकला असात, ता पोटात घाल म्हाराजा!"

यंत्र पीं करायचं, मी आकडा लिहायचो, पुढचा खुर्चीत. महिन्याभरात माझी कीर्ती पसरली. एका शाळेत तर आमची गाडी वळणावर दिसताच मुलांनी "गाऱ्हाण्यावाले इले!" म्हणून टाळ्या वाजवल्या. शिक्षक मोबाइलवर चित्रीकरण करायचे. मी पण जरा केस विंचरून जायला लागलो.

मग एका शाळेत माझ्या यादीत अकरा मुलांचे आकडे तक्त्याच्या वर गेले. लहान मुलांना मोठ्यांसारखा एकच नियम नसतो. वय, उंची, मुलगा की मुलगी, असं बघून तक्त्यातून ठरतं. मॅडमनी यादी बघितली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"एका शाळेत अकरा? या गावात मीठ फुकट वाटतात का?"

मी म्हटलं, "समुद्राकाठचं गाव, मॅडम. सुका बांगडा, खारा..."

मॅडम घाटावरच्या. सुक्या बांगड्याचा युक्तिवाद त्यांच्यावर चालत नाही. त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मी पुढच्या पोराला बसवलं आणि नेहमीप्रमाणे देवाला हाक मारली. दोनदा "व्हय म्हाराजा" झालं. तिसऱ्याला मॅडमचा आवाज आला.

"हे तुम्ही रोज करता?"

"मुलांची भीती जाते, मॅडम."

"आणि प्रेशर वाढतं! बोललं तरी आकडा चढतो, ही तर बेंबीच्या देठापासून ओरडताहेत. पाय लोंबकळताहेत, हात हवेत आहे. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर, आणि कुणी, कुणी म्हणजे तुम्हीसुद्धा, तोंड उघडायचं नाही. ही अकराही मुलं पुढच्या बुधवारी पुन्हा मोजा."

दारातली पोरं हे सगळं ऐकत होती. त्यातल्या एकानं हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं. मॅडम सोडून सगळे हसले.

त्या अकरांत सहावीतली एक मुलगी होती. बारा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या. पहिल्या दिवशी तिचा आकडा आला होता एकशे अडतीस बाय ब्याण्णव. बाकीच्या दहांपेक्षा बराच वर. पण ती ओरडलीही होती सगळ्यांत वर. तिचा आवाज खणखणीत. मी तिला म्हटलंही होतं, "बाय, तू पुढच्या वर्षी माझ्या जागेवर ये." मनात मी तिचा आकडा तिच्या आवाजाच्या नावावर टाकला आणि विसरलो.

बुधवारी गेलो. मी ठरवून तोंडात सुपारी धरली, म्हणजे बोलता येऊ नये. एकेकाला बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर. वर्गात एवढी शांतता की बाहेरच्या माडावरून झावळी पडली ती ऐकू आली. आकडे उतरत गेले. एकशे दहा, एकशे सहा, एकशे बारा. दहाच्या दहा मुलं तक्त्याच्या आत. मला इतका आनंद झाला की जणू मीच त्यांना बरं केलं.

अकरावी जागा रिकामी. दोन वेण्यांची मुलगी नव्हती. वर्गशिक्षक म्हणाले, "रेडीला मावशीकडे गेलीय. मावशी बाळंत झाली. सोमवारपर्यंत येईल."

सोमवारी आम्हाला वैभववाडीच्या बाजूला जायचं होतं. म्हणजे या शाळेत पुन्हा यायचं तर वेगळा दिवस काढायला हवा, गाडी मागायला हवी, मॅडमना सांगायला हवं. त्याच दुपारी अहवाल पाठवायचा होता. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण वाटेतल्या खानावळीत दीडनंतर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं संपतं. हे कारण मी लिहितोय तेव्हा माझे कान गरम होताहेत, पण ते होतं. तिसऱ्या.

मी वहीकडे बघितलं. दहा आकडे, एक रिकामी चौकट. दहा उतरले, अकरावा काय वेगळं करणार आहे? मी चक्क बेरीज केली, दहानं भागलं. सरासरी आली एकशे आठ बाय अडुसष्ट. सरासरी काढल्यामुळे मला ते खोटं वाटलंच नाही. उलट जरा शास्त्रीय वाटलं. वहीत लिहिलं. तिच्या आरोग्यपत्रिकेतही लिहिलं, ती पालकांच्या सहीसाठी घरी जाते. शेजारी तारीख टाकली आणि पुढे, कुणी मागितलं नव्हतं तरी, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'फेरतपासणीत रक्तदाब योग्य.' अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

तिसऱ्या संपल्या नव्हत्या. मी दोन वाट्या घेतल्या.

आठ-नऊ महिन्यांनी त्या शाळेची पुढची फेरी आली. आता मी सुधारलो होतो. गाऱ्हाणं बंद, सुपारी तोंडात, पाच मिनिटं शांतता. मुलं हिरमुसायची. "डॉक्टर आता देवाक सोडल्यानी," असं एकजण म्हणाला. रांगेत ती आली. सातवीत गेली होती. दोन वेण्या त्याच, पण डोळ्यांवर नवा चष्मा, जांभळ्या काड्यांचा. मी भुवया उडवून 'वा!' अशी खूण केली. ती लाजली. पट्टा बांधला.

एकशे शेहेचाळीस बाय शहाण्णव.

मी यंत्राकडे बघितलं. पट्टा सोडला, नीट बांधला, पाच मिनिटं थांबलो. एकशे चव्वेचाळीस. दुसऱ्या दंडाला बांधला. एकशे शेहेचाळीस. कुणी ओरडत नव्हतं. पाय जमिनीला होते. सुपारी मी गिळली होती.

मॅडम आल्या. त्यांनी जुनं यंत्र काढलं, कानात नळ्या घातल्या आणि स्वतः मोजलं. मग मुलीशी अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"डोकं दुखतं का गं?"

"व्हय. सकाळी जास्त. म्हणान तर चष्मो लागलो."

"चष्म्यानं थांबलं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं, जणू खरं सांगितलं तर चष्मा काढून घेतील. "मदी मदी थांबता," ती म्हणाली.

मॅडमनी मागची पत्रिका मागवली. ती घरी होती. शाळेनं आईला बोलावणं पाठवलं. आई काजूच्या कारखान्यात, बिया फोडायला. ती अर्ध्या तासात आली, पदराला हात पुसत, बोटं काजूच्या तेलानं काळी पडलेली. बाबा मुंबईला नोकरीत, घरात या दोघीच. पत्रिका तिनं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रेशनकार्डाच्या पाकिटात, असं जपून आणली होती.

"ह्या बघा, डॉक्टरांनू," ती मला म्हणाली. मॅडमना नाही, मला. "तुमीच लिवलेला आसा. थंडीत तेच्या डोक्याची कटकट सुरू झाली. मी तेका तालुक्याक डॉक्टरकडे घेवन गेलंय. ते म्हणाले, प्रेशर बघितलास काय कधी? मी ह्या कागद दाखयलंय. ते म्हणाले, शाळेत दोनदा बघितल्यानी, बरा आसा, मग डोळे तपासा. डोळ्यांत बारीक नंबर गावलो. चष्मो केलो."

मॅडम पत्रिका वाचत होत्या. माझं सुवाच्य अक्षर त्यांना लांबूनही वाचता येत होतं.

इतक्यात मुलगी वाकून तारखेकडे बघायला लागली. "आये," ती म्हणाली, "ह्या दिसा मी शाळेत नाय होतंय. मावशीचो बाबू झालो मां? मी रेडीक होतंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

इथं मी काय केलं ते सांगतो. आयुष्यभर वर्गभर ऐकू जाईल असं बोलणारा मी, अगदी हळू म्हणालो, "तारीख चुकली असेल. एक-दोन दिवस इकडेतिकडे."

आईनं लगेच माझी बाजू घेतली. "गप गो! सरकारी कागद आसा. डॉक्टर काय खोटा लिवतले? तुका काय आठवता, बारा वर्साच्या चेडवाक?"

मुलीनं चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "असात मगे. माकाच आठवत नसात. पण तुमी माका खंय बसयलास? खुर्चीत काय बाकावर?"

ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. कपाळाला आठ्या घालून, ज्या दिवशी ती रेडीला मावशीचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती त्या दिवशी माझ्या खुर्चीत आपण कशा बसलो होतो, हे आठवत होती. माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून स्वतःची आठवण खोडत होती.

मी म्हटलं, "बाय, तुका बरोबर आठवता."

मग सांगितलं. दहा मुलं, सरासरी, रिकामी चौकट. तिसऱ्यांचं मात्र सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहितोय. बोलता बोलता माझ्या नकळत जुना सूर लागला, सवयीनं हात जोडले गेले आणि तोंडातून आलं, "वहिनी, चुकला माझा, ता पोटात..."

"माझ्याकडे गाऱ्हाणा घालू नकात," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी देव नाय."

वर्गाबाहेर पोरं उभी होती. कुणीही काही म्हटलं नाही.

त्यापुढचं लवकर झालं. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासण्या, पोटाची सोनोग्राफी. मुलीचं एक मूत्रपिंड लहान राहिलं होतं, त्यावर जुने व्रण होते. लहानपणी तिला सारखा थंडीताप यायचा, तो मूत्रपिंडातल्या जंतुसंसर्गाचाच असावा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दुसरं मूत्रपिंड चांगलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, बहुधा पुष्कळ वर्षं घ्याव्या लागतील. आईनं तिथं एकच प्रश्न विचारला, आणि मी पथकातर्फे सोबत गेलो होतो म्हणून मला तो ऐकावा लागला.

"गेल्या वर्सा कळला असता तर?"

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या गेल्या वर्षी सुरू झाल्या असत्या."

बस, एवढंच. त्या आठ-नऊ महिन्यांत किती बिघडलं, बिघडलं की नाही, हे त्यांना सांगता आलं नाही. कुणालाच येणार नाही. त्यांनी मोठा आकडा सांगितला असता तर मी रडलो असतो, काहीच नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. दोन्ही झालं नाही.

परतीच्या गाडीत मॅडम म्हणाल्या, "वर मी कळवणार आहे. तुमच्याबद्दल आणि माझ्याबद्दलही. त्या यादीवर सही माझी आहे."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही कशाला..."

"तुम्ही बोलू नका," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं.

मला मेमो आला. मी लेखी उत्तर दिलं, सुवाच्य अक्षरात. यंत्र माझ्याकडून काढून नर्सबाईंकडे दिलं आणि मला गोळ्यांच्या खोक्यांवर बसवलं. इतर शाळांतल्या माझ्या सगळ्या फेरतपासण्या पथकानं पुन्हा केल्या. त्यांत मी एकही चौकट मनानं भरलेली नव्हती. मॅडमना मी हे आधीच शपथेवर सांगितलं होतं. तरी त्यांनी प्रत्येक मूल पुन्हा मोजवलं, आणि माझ्या शपथेचा आता भाव काय आहे ते मला कळलं.

मुलीचा रक्तदाब आठवड्याला एकदा मोजून नोंदवायचा होता. गावात यंत्र नाही, आईला कारखान्यातून सुट्टी मिळत नाही. ते घर माझ्या घरच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. मी मॅडमना विचारलं, स्वतःचं यंत्र विकत घेऊन मी मोजायला जाऊ का. त्या म्हणाल्या, "मला नाही, तिच्या आईला विचारा." आई उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "शनिवारी येवा. शाळा लवकर सुटता. आणि गप मोजा."

आता दर शनिवारी जातो. खळ्यात चप्पल काढतो, ओटीवर बसतो. मुलगी खुर्चीत बसते, पाय जमिनीला, हात टेबलावर. घड्याळ लावून पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प. मला इतकं गप्प बसलेलं माझ्या घरच्यांनीही कधी बघितलेलं नाही. कोंबडी ओटीवर चढते, तिला हुसकायलाही मी तोंड उघडत नाही, नुसता हात हलवतो. मुलीला याची गंमत वाटते. गालात हसू धरून ती भिंतीकडे बघते, कारण हसली तर पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. चष्मा अजून घालते. नंबर जवळजवळ नाहीच, पण काड्या जांभळ्या आहेत.

आई चुलीकडे असते. बाहेर येत नाही. चहा येतो, तो मुलगीच आणून ठेवते. पहिले दोन महिने चहा येत नव्हता.

आकडे उतरताहेत. एकशे चौतीस, एकशे अठ्ठावीस. मागच्या शनिवारी एकशे अठरा आला. मी दुसऱ्यांदा मोजला, तोच. मला ओरडावंसं वाटलं. मी पेन काढलं आणि पत्रिकेत लिहिलं.

मुलीनं दर वेळेसारखी पत्रिका माझ्या हातातून घेतली. आधी आकडा यंत्राशी ताडून बघितला. मग उठून आत गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभी राहिली, बोट ठेवून वार बघितला, दिवस बघितला. मी ओटीवर थांबलो. थांबावंच लागतं. तिचं बघून झाल्याशिवाय मी चप्पल घालत नाही.

"आये," आतून तिचा खणखणीत आवाज आला, "एकशे अठरा. तारीख बरोबर आसा."

चुलीकडून भांड्याचा आवाज तेवढा आला. मी पट्टा गुंडाळला आणि निघालो.